मदत हवी आहे: ही चोकचेरीच (तुरट फळांची रानटी चेरी) ना?

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. मागच्या कुंपणाला पुरुषभर उंचीचं रानझुडूप आहे. मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे बोटभर घोस आले, आता वाटाण्याएवढी गडद लाल फळं धरलीत. एक चावलं तर घसाच आवळला, कच्च्या जांभळाहून तुरट! पानाच्या देठावर दोन बारीक गाठी आहेत, कडेचे दाते टोकदार, बाहेर वळलेले. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ब्लॅक चेरी या दुसऱ्या रानचेरीचे दाते बोथट, आत वळलेले असतात आणि पानामागे मधल्या शिरेलगत बहुधा तांबूस लव असते. इथे ती दिसत नाही. फळाच्या देठाशी ब्लॅक चेरीसारखा फुलाचा वाळका पेलाही उरलेला नाही. अजून काय तपासू? जेली करायची आहे. बियांत आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, मुलगी सारखी तिथे खेळते, म्हणून खात्री हवी. जाणकारांनी कृपया सांगा.