'ओटीत घातलं' म्हणजे दत्तक दिलं का?

लातूरहून विचारणा
जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना दत्तक, फोस्टर केअर आणि सरोगसी शिकवायचंय. फळ्यावर 'दत्तकग्रहण', 'प्रतिपालकत्व' (म्हणजे फोस्टर केअर) असले शब्द. वॉर्डात बायका म्हणतात, लेकरू ओटीत घातलं, मांडीवर दिलं, सांभाळायला ठेवलं. मुली विचारायल्यात, बाई, हे सगळं एकच का?

अंबाजोगाईहून
एकच कसं असेल? 'मांडीवर देणं' हा दत्तकाचाच जुना शब्द, त्यात वारस ठरतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही होम नसला तरी चालतं, मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र व्हावंच लागतं. 'ओटीत घालणं' फार सैल आहे. लग्नात पोरगी सासूच्या ओटीत घालतोच की आपण, ते काय दत्तक असतं?

दवाखान्यात 'ओटीत घालणं' कानावर आलं की मात्र सावध व्हायचं. सांभाळणं शक्य नसलेली आई बालकल्याण समितीपुढं बाळ 'समर्पित' करते. फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. पुढं दत्तक घेणाऱ्यांची 'कारा'कडं (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेकडं) नोंदणी आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (२०२१ च्या दुरुस्तीआधी तो कोर्ट द्यायचं). 'माझ्या ओळखीत एक जोडपं आहे' म्हणत नर्सनं मध्ये पडायचं नाही. बाळाचा पैशानं व्यवहार केला आणि त्यात दवाखान्याचा माणूस निघाला, तर बाल न्याय कायद्यात त्याला ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे. हे मुलींकडून पाठच करून घ्या.

परभणीहून
फोस्टरला 'सांभाळायला ठेवणं' चपखल. ऊसतोडीला निघताना लेकरं आजीपाशी ठेवतात, त्यानं आई बदलत नाही की आडनाव बदलत नाही. फोस्टरमध्ये ठेवणारी समिती असते आणि घर परकंही असू शकतं, एवढाच फरक. 'बालसंगोपन' शब्द मात्र टाळा. त्या नावाची सरकारी योजना आहे, तिचे महिना २२५० रुपये एक पालक असलेल्या लेकरांनाही मिळतात. घोळ होईल.

नांदेडहून
आमच्याकडं मुस्लिम बाळंतिणी बऱ्याच. उर्दूत दत्तक मुलाला 'मुतबन्ना' म्हणतात, पण शरीयतीत त्याला वारसा लागत नाही आणि बापाचं नावही बदलत नाही. सांभाळ करणं म्हणजे 'कफालत'. तरी बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा 'तुमच्यात चालत नाही' असं कुणाला सांगू नये.

लातूरहून
आणि सरोगसी? वर्तमानपत्रात 'भाडोत्री आई' लिहितात.

अंबाजोगाईहून
तो शब्द काढूनच टाका. २०२१ च्या कायद्यानं भाडंच बंद केलंय, दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा तेवढा द्यायचा. दुसऱ्यांसाठी बाळ पोटात वाढवणारी बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आयुष्यात एकदाच, आणि स्त्रीबीज तिचं चालत नाही. 'सरोगेट आई' सगळ्यांना कळतं. कुणी यशोदेचा दाखला देतं, तो इथं लागू नाही. यशोदेनं वाढवलं. देवकीचा गर्भ पोटात वाढवला तो रोहिणीनं, म्हणून बलरामाचं नाव संकर्षण, ओढून नेलेला. (कीर्तनकार हे आपल्याआधी सांगून बसलेत.)

खरं सांगायचं तर वॉर्डात मला या नावांपेक्षा 'बाळंतीण' हा शब्द मोठा वाटतो. बाळ समर्पित केलेली असो की सरोगेट, कुशीत लेकरू नसलं तरी पान्हा फुटतोच, छाती ठणकते, ताप भरतो. तिला तिसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. आणि तिच्यासमोर 'खरी आई कोण' हा प्रश्न तर नकोच. 'जन्म देणारी' म्हणा.

परभणीहून
केसपेपरवर 'सोडलेलं बाळ' लिहितात तेही बघा. उकिरड्यावर, एसटी स्टँडवर सापडलं ते परित्यक्त. त्याची २४ तासांच्या आत खबर द्यायची, १०९८ वर फोन केला तरी चालतो. आईनं समितीपुढं दिलं ते समर्पित.

लातूरहून
बरं. 'प्रतिपालकत्व' फळ्यावर ठेवते, पेपरात तेच येतं. तोंडी परीक्षेत 'सांभाळायला ठेवलं' म्हणाली तरी मार्क देईन.