फ्लेवरवाल्या सिगारेटचं व्यसन जास्त घट्ट असतं का?

गारवा_०७:
मी मेंथॉल म्हणजे पुदिन्यासारखी गार लागणारी सिगारेट ओढतो, फिल्टरमधली कॅप्सूल दाताने फोडायची असते ना ती. साधी सिगारेट ओढली तर घसा असा खवखवतो की अर्धी टाकून देतो. मित्र म्हणतो फ्लेवर म्हणजे नुसती चव, व्यसन निकोटिनचंच. मग साधी मला का चालत नाही? फ्लेवरमध्येच काही असतं का? सोडायचं मनात आहे म्हणून विचारतोय.

रसायनवाला:
मित्र अर्धा बरोबर आहे. धूर गार वगैरे काही होत नाही, मेंथॉल फक्त थंडी ओळखणारे रिसेप्टर (पेशींवरचे संकेत घेणारे भाग) चालू करतं, त्यामुळे जळजळ दबते. खोकला हा शरीराचा नकार असतो आणि तोच बंद पडला की नवशिक्यासुद्धा धूर आरामात खोल ओढतो, निकोटिन १०-२० सेकंदात मेंदूत. शिवाय मेंथॉलमुळे शरीरात निकोटिन मोडायचा वेग थोडा कमी होतो असंही दिसलंय, म्हणजे ते रक्तात जास्त वेळ टिकतं. उंदरांवरच्या प्रयोगात तर मेंथॉल आणि निकोटिन एकत्र दिल्यावर मेंदूतले निकोटिनचे रिसेप्टर वाढले. त्यामुळे "नुसती चव" म्हणणं मला तरी पटत नाही.

उगाच_शंका:
पण साधी म्हणजे बिनफ्लेवरची असं समजू नका हां. बऱ्याच ब्रँडच्या तंबाखूत साखर, कोको, ज्येष्ठमध घातलेलं असतं, वेगळी चव कळत नाही इतकंच. साखर जळली की अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होतं आणि त्याच्या जोडीने उंदीर निकोटिन जास्त मागतात, माणसात तेवढंच घडतं का यावर अजून वाद आहे. कोकोमुळे श्वासनलिका रुंदावतात ही गोष्ट मात्र फार फुगवलेली आहे, सिगारेटमध्ये तेवढा कोको नसतोच.

जुना_सभासद:
कायद्याचं बघा, त्यात सगळं कळतं. अमेरिकेने २००९ मध्ये फळं, चॉकलेट, लवंग सगळे फ्लेवर बंद केले आणि सगळ्यात जास्त खपणारं मेंथॉल तेवढं सोडलं! २०२२ मध्ये बंदीचा प्रस्ताव आणला, जानेवारी २०२५ मध्ये तोही मागे घेतला. कॅनडात २०१७ पासून मेंथॉल बंद आहे आणि तिथे बंदीनंतर मेंथॉलवाल्यांमध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण साधी ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. युरोपियन युनियनने २० मे २०२० ला बंद केलं तर लगेच पाकिटात घालायची मेंथॉलची कार्डं बाजारात आली, धंदेवाले बसतात होय गप्प.

गारवा_०७:
मग आधी साध्यावर यायचं आणि नंतर सोडायचं, असं करू का? आणि सिगारेट सोडायला चघळतात ती निकोटिन गम पण मिंटची मिळते, ती घेतली तर परत तेच ना?

रसायनवाला:
साध्यावर यायची गरज नाही, घशाला तिचीही सवय होईल आणि तू तिथेच अडकशील. थेट सोडायची तारीख ठरव. मिंट गमची भीती नको, व्यसन लावण्यात निकोटिन किती झटकन मेंदूत पोचतं याचा वाटा मोठा आहे आणि गममधलं तोंडातून हळूहळू शोषलं जातं. फक्त च्युइंगगमसारखी सतत चघळू नकोस, तिखट लागली की गालात धरून ठेव, झणझण गेली की परत चाव. डोस किती ते डॉक्टरला विचार, उठल्या उठल्या ओढत असशील तर तेही सांग, त्यावर ठरतं.