पुणे–दौंड शटलचं अल्को इंजिन: एक तरी चालू ठेवावं का?

यवतचा पासवाला
परवा पहाटे भाच्याला घेऊन यवतच्या फलाटावर उभा होतो. विजेवरची मेमू गाडी आली, थांबली, निघून गेली. पोरानं मोबाइलमधून मान वर केली नाही. त्याच्या वयाचा असताना मला शटल सिग्नलबाहेर असतानाच कळायची, कारण पायाखालचा फलाट थरथरायला लागायचा.

अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या घडणीचं डिझेल इंजिन होतं ते. डब्ल्यूडीएम-2 आणि पुढं त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीएम-3ए. सोळा सिलिंडर, डब्ल्यूडीएम-2 ची 2600 अश्वशक्ती, वजन 112 टनांच्या वर. उभं असलं की ढग्-ढग्, ढग्-ढग् अशी जराशी लंगडी लय. मग गार्डची शिट्टी व्हायची, ड्रायव्हर नॉच द्यायचा, म्हणजे जोर एक टप्पा वाढवायचा, काळा लोट आभाळात जायचा आणि त्याच्या मागून टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शीळ चढत जायची. खिडकीच्या गजांना टांगलेल्या दुधाच्या किटल्या एकदम खणखणायच्या. तो आवाज ऐकला की आजही मला दहावीची सकाळ आठवते.

हे इंजिन 1962 मध्ये अमेरिकेतल्या स्केनेक्टडीहून आलं आणि जानेवारी 1964 पासून बनारसच्या रेल्वे कारखान्यात बनू लागलं. मूळ अल्को कंपनी 1969 मध्ये बंद पडली, पण तिच्या घडणीची इंजिनं बनारसनं पुढं कित्येक वर्षं काढली. पुण्याच्या पश्चिमेला गाड्या 1930 च्या सुमारास विजेवर गेल्या. आमच्याकडं, दौंडच्या बाजूला, तारा यायला 2017 च्या आसपासचं साल उजाडलं. म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांची नोकरी, कॉलेज, दवाखाना, बाजार सगळं या इंजिनामागं बसून झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक अल्को पुण्यात चालू स्थितीत ठेवावं आणि वर्षातून काही रविवारी जुन्या डब्यांसह दौंडपर्यंत सोडावं. चबुतऱ्यावर उभं करून रंग फासणं मला पुरेसं वाटत नाही.

केडगाव ते हडपसर
दादा, तुम्ही फलाटावरून आठवताय. मी डब्यातून आठवते.

अकरा वर्षं अप-डाउन केलं. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात जागा मिळाली तर ती जागा नव्हे, शिक्षा असायची. उन्हाळ्यात खिडकी उघडावी तर काजळी आणि मिटावी तर घुसमट. ओढणी नाकाला धरून बसायचं. ऑफिसात पोचल्यावर रुमालानं मान पुसली की रुमाल करडा व्हायचा. माझ्यासोबत एक मावशी मेथीच्या जुड्या घेऊन यायच्या, त्यांना दम्याचा त्रास होता. इंजिन कुठल्या टोकाला लागलंय हे बघूनच त्या डबा निवडायच्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. तुमची दहावीची सकाळ मला खोटी वाटत नाही. पण तो लोट ‘आभाळात जायचा’ असं लिहू नका. तो आमच्यावर यायचा.

घोरपडी शेड, निवृत्त
दोघांचं वाचलं. मी पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमध्ये फिटर होतो, म्हणून धुराचं आधी सांगतो.

अल्कोचा टर्बो निव्वळ एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की इंधन कमी-जास्त करणारा गव्हर्नर ते लगेच वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी पडते. अर्धवट जळलेलं इंधन काळं होऊन बाहेर येतं. पुढं ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घडणीची इंजिनं आली, त्यांचा टर्बो कमी वेगात गिअरवर फिरतो, म्हणून सुटताना ती इतकी काळी ओकत नाहीत. दर चार-सहा मैलांवर थांबणाऱ्या शटलला अल्को लावणं म्हणजे दर स्टेशनातून सुटताना तोच लोट पुन्हा. लांब पल्ल्याच्या गाडीमागं हा दोष झाकला जायचा, शटलमध्ये नाही. केडगावच्या ताई बरोबर आहेत.

आणखी एक गोष्ट फलाटावरून दिसत नाही. दौंडला गाडी पोचली की इंजिन सोडा, बाजूच्या रुळानं फिरवून दुसऱ्या टोकाला आणा, कपलिंग लावा, ब्रेकचे पाइप जोडा, प्रेशर धरलं का बघा. पावसात, रात्री, हे सगळं इंजिन आणि डब्याच्या मध्ये उतरून माणूस करायचा. मेमूत ड्रायव्हर उठून दुसऱ्या केबिनमध्ये जाऊन बसतो.

एवढं असूनही मी मूळ धाग्याच्या बाजूनं आहे. अल्कोची पॉवर असेंब्ली, म्हणजे सिलिंडर-पिस्टनचा संच, आम्ही कानानं ओळखायचो. कुठला सिलिंडर मार खातोय हे शेडमध्ये शिरता शिरता कळायचं. आताच्या इंजिनात बिघाड पडद्यावर लिहून येतो, ते चांगलंच आहे. पण कानाची ती विद्या कुठल्या पुस्तकात नाही, ती चालू इंजिनाशेजारीच शिकता येते. पहिलं डब्ल्यूडीएम-2, क्रमांक 18040, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जरूर बघा. पण ते गप्प आहे.

उरुळीचा
शेडवाल्या काकांचा पूर्ण आदर ठेवून विरोध. चालू इंजिनाला तेल, पाणी, सुटे भाग, माणसं लागतात. आमच्या मार्गावर वर तारा आल्या तरी 2017 मध्ये खालून डिझेलचीच डेमू सुरू झाली, कारण फलाटांची उंची लोकलला पुरत नव्हती. लोकांनी त्यासाठी अर्ज केले, मोर्चे काढले. पैसा असेल तर आधी फलाट, शेड, संडास, वाढीव फेऱ्या. आठवणी नंतर.

यवतचा पासवाला
उरुळीकर, फलाटाचा पैसा मी मागत नाहीये. वाफेच्या इंजिनांच्या खास फेऱ्यांना तिकीट लावतातच, तसंच इथंही लावावं. हौशी लोक मुंबईहून येतील.

केडगावच्या ताईंना मात्र उत्तर देणं मला जड जातंय. मी बहुतेक मागच्या डब्यात असायचो, दोस्तांचं टोळकं तिथं बसायचं म्हणून. तुम्ही लिहिलंत तेव्हा लक्षात आलं की मला धूर कधी लागलाच नाही, फक्त दिसला. ‘आभाळात’ हा शब्द मागं घेतो.

केडगाव ते हडपसर
मागं घेतलात, बरं वाटलं. तरी माझा विरोध कायम आहे, फक्त थोडा बदलून सांगते. इंजिन ठेवायचंच असेल तर त्याच्या शेजारी नुसते अश्वशक्तीचे आकडे लिहू नका. पुढच्या डब्यात कोण बसायचं, तेही लिहा. किटल्यावाले, मेथीवाल्या मावशी, हडपसरला कामाला जाणाऱ्या आम्ही. आणि पाइप जोडायला मध्ये उतरणारा माणूस. आणि गाडी पासवाल्यांच्या वेळेत नको.

घोरपडी शेड, निवृत्त
पाइप जोडणाऱ्याचं लिहिणार असाल तर मी सांगायला येईन. दुपारची वेळ चालेल, तेव्हा लाइन जरा मोकळी असते. फक्त इंजिन एकदा सुरू केलं की उगाच तासन् तास उभं ठेवू नका. नुसतं उभं असतानाही ते दर तासाला साधारण वीस-पंचवीस लिटर डिझेल पितं.