मदत हवी आहे: बाळासाठी खाली ड्रॉवर असलेलं क्रिब (कठड्याचा छोटा पलंग) घ्यावं का?

डोंबिवलीतला वन बीएचके, बेडरूम १० बाय १०. डबलबेड आणि कपाट लागल्यावर उरते ती जागा अडीच फुटांची. म्हणून खाली ड्रॉवर असलेलं लाकडी क्रिब (गादी ४८ बाय २४ इंच) घ्यायचा विचार आहे. दुपटी, लंगोट, डायपरचे गठ्ठे त्यात मावतील. पण काही शंका आहेत.

पहिली आणि मोठी: ड्रॉवर सांगाड्यातच बसवलेला असेल तर गादीची फळी फार खाली नेता येत नाही. बाळ धरून उभं राहू लागलं की फळीपासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत किमान ६० सेंमी उंची हवी. मॉडेल पाहताना टेपने नेमकं हेच मोजावं ना? दांड्यांमधली फट ६ सेंमीच्या आत आणि गादी आणि कठड्याच्या मधे दोन बोटंही जाऊ नयेत, एवढं ठाऊक आहे.

दुसरं, ड्रॉवरचा तळ पार्टिकल बोर्डचा आहे. पावसाळ्यात तो फुगून चॅनेलला (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) अडकतो, शिवाय कपड्यांना कुबट वास. सुताराकडून १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याने खराब न होणाऱ्या) प्लायचा तळ घालून घेतला तर टिकेल का? की साधं क्रिब घेऊन खाली चाकांची सुटी पेटी सरकवणं बरं? झाडू तरी फिरेल.

आणि ड्रॉवर उघडायला समोर दीड फूट मोकळं लागतंच. डबलबेडला खेटून ठेवलं तर तो उघडणार कुठे? आखूड बाजूने उघडणारं मॉडेल कुणी वापरलंय का?