लग्नाला पाहुणी म्हणून जाताना काळी, पांढरी की पिवळी साडी नेसावी?

नौपाडाकर:

नमस्कार. माझ्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या मुलीचे लग्न माघात आहे. लग्न ठाण्यातच, सकाळच्या मुहूर्तावर आणि मराठी पद्धतीने होणार आहे. मुलगा मल्याळी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरच्यांनी नेरूळला स्वागतसमारंभ ठेवला आहे. दोन्हीकडचे आमंत्रण आग्रहाचे आहे. कपाटात तीन चांगल्या साड्या जेमतेम एकदा-दोनदा नेसून पडून असल्यामुळे नवी साडी घेण्याचा विचार नाही.

पहिली आईची रेशमी काळी चंद्रकळा, तिला लाल काठ आहेत. दुसरी केरळहून आणलेली, पांढरट रंगाची आणि सोनेरी काठांची कसवु साडी. तिसरी पिवळी नारायणपेठी. मात्र मंगलकार्यात काळे नको असे सासूबाई म्हणतात, पांढरे तर अजिबात नको असे जाऊबाईंचे मत आहे आणि पिवळा हा नवरीचा रंग आहे असे मैत्रिणीने सांगितले. यजमानांचा मान राहावा आणि कोणाच्या मनाला लागू नये, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

घंटाळीकर:

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून आधी पिवळ्याबद्दल लिहिते. आपल्याकडे मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री नेसून वधू गौरीहराशी बसते आणि पुष्कळ घरांत अंतरपाटासमोरही तीच साडी असते. शालू त्यानंतर येतो. हल्ली अष्टपुत्रीऐवजी पिवळी नऊवारी घेतात, पण रंग तोच राहिला आहे. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकायला सगळेच पुढे सरकतात आणि वधूच्या शेजारी आणखी एक पिवळे रेशीम उभे राहिले, तर तिच्या आयुष्यातल्या त्या घटकेचे छायाचित्र कायमचे बिघडते. म्हणून मुहूर्ताला पिवळी टाळावी. वधूच्या आईंना सरळ विचारून घेतले तर उत्तमच. अशा विचारपूस करणाऱ्या पाहुण्यांचे यजमानांना कौतुकच वाटते.

काळ्या रंगाला मात्र सरसकट अशुभ म्हणणे मला पटत नाही. मंगळसूत्रात काळे मणी असतात, आणि नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आपण हौसेने काळी साडी घेऊन तिला हलव्याचे दागिने घालतो. तरीही लग्नाच्या मुहूर्ताला काळे न नेसण्याचा रिवाज आहे आणि मांडवात तो मनापासून पाळणारी वडीलधारी माणसे असणारच. त्यांचे मन राखायला आपले काही जात नाही.

तलावपाळी:

वरील मताशी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. माझ्या बहिणीने गेल्या वर्षी एका लग्नात काळी पैठणी नेसली होती आणि मांडवातल्या आजींनी स्वतः जवळ बोलावून पदरावरचे मोर निरखले होते. आपल्यालाच रंग अशुभ वाटत नसेल, तर कोणीतरी सुरुवात केल्याशिवाय रिवाज बदलणार कसा? पुरुषांनी स्वागतसमारंभाला काळा सूट घातलेला सर्वांना चालतो, मग हा नियम स्त्रियांनाच का असावा?

घंटाळीकर:

@तलावपाळी, प्रश्न रास्त आहे आणि पुरुषांच्या बाबतीतला भेद मलाही खटकतो. पण रिवाज बदलायचा तर तो आपल्या घरच्या कार्यात बदलावा, कारण तेथे बोल लागला तर तो आपल्याला लागतो. दुसऱ्याच्या मांडवात तो वधूच्या आईला ऐकावा लागतो.

नेरूळवासी:

मी माहेरची मराठी आणि सासरची मल्याळी असल्यामुळे पांढऱ्या साडीबद्दल लिहिते. कसवु साडी पांढरीशुभ्र नसते. सूत ब्लीच न केल्यामुळे तिला मूळचा दुधाळ, किंचित पिवळसर रंग असतो आणि काठाला जर असते. मल्याळी हिंदू घरांत ओणम, विशू आणि लग्न या तिन्ही प्रसंगी स्त्रिया ती आनंदाने नेसतात. आजकाल मुहूर्ताला वधू बहुतेक वेळा रंगीत कांचीपुरम नेसते, त्यामुळे पाहुणीची कसवु कोणालाही खटकत नाही. उलट, मराठी पाहुणीने ती नीट निऱ्या घालून नेसलेली पाहिली की माझ्या सासूबाईंसारख्या बायका स्वतःहून बोलायला येतात.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्यावी. मुलाकडचे ख्रिस्ती असतील, तर तेथे पांढरा हाच वधूचा रंग असतो. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लग्नात वधू चर्चमध्ये पांढरी किंवा मोतिया साडी अथवा गाऊन घालते आणि वराकडून आलेली मंत्रकोडी ही साडी नंतर नेसते. तसे असेल तर कसवु घरीच ठेवावी.

जाऊबाईंच्या शंकेविषयीही थोडे लिहिते. पांढरा म्हणजे वैधव्याचा रंग, ही समजूत आपल्याकडे वाटते तितकी सार्वत्रिक नाही. जुन्या मराठी ब्राह्मण घरांत सोवळ्या विधवांना तांबडे आलवण नेसावे लागे. म्हणून तांबडा रंग लग्नातून कोणी हद्दपार केला नाही. मुलुंड-ठाण्यातल्या गुजराती शेजाऱ्यांकडे तर वधूचे पानेतरच पांढऱ्या पोताचे आणि लाल काठांचे असते.

काठपदर:

मी राम मारुती रस्त्यालगतच्या एका साडीच्या दुकानात बरीच वर्षे काम करते. रंगाचा निर्णय दिव्याखाली घेऊ नये, एवढे मला प्रामुख्याने सांगायचे आहे. रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ती धूपछाव होते. हिरव्या-पिवळ्या धाग्यांची साडी समोरून पोपटी दिसते आणि जरा वळले की पिवळी होते. त्यामुळे पिवळी टाळून पोपटी घेतली असे समजून गेलेली बाई छायाचित्रात पिवळीच दिसू शकते. साडीचा पदर खिडकीशी नेऊन, हातावर चुणी पाडून, दोन्ही बाजूंनी हलवून पाहावा. सभागृहातल्या पिवळट दिव्यांत मोतिया रंग आणखी उबदार दिसतो, त्यामुळे संध्याकाळच्या समारंभात कसवु पांढरी वाटण्याची भीती कमीच आहे.

घणसोलीकर:

हळदीचे आमंत्रण आहे का? आमच्या आगरी गावांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळची हळद हा लग्नाइतकाच मोठा सोहळा असतो आणि हल्ली तेथे पाहुण्यांनीही पिवळे घालून यावे अशीच अपेक्षा असते. पिवळ्या साडीवर हळदीचा डाग पडला तरी तो डोळ्यांत भरत नाही. अर्थात, हळद लावून घ्यायची असेल तर रेशमी साडी न नेसता साधी सुती नेसावी, कारण रेशमावरचा हळदीचा डाग सहजासहजी निघत नाही.

नौपाडाकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहकारी बाईंना आज विचारले. मुलाकडचे हिंदू आहेत. मुलगी अंतरपाटासमोर पिवळी नऊवारी आणि नंतर हिरवा शालू नेसणार आहे, त्यामुळे मुहूर्ताला पिवळा आणि हिरवा हे दोन्ही रंग मी टाळणार आहे. आदल्या संध्याकाळी त्यांच्या सोसायटीत हळद आहे आणि तिचेही आमंत्रण आहे. तेथे नारायणपेठी नेसून जाईन आणि हळद लावणाऱ्यांपासून थोडी दूर बसेन.

मुहूर्ताला चंद्रकळा नेसण्याचा मोह होता, पण @घंटाळीकर यांचे शेवटचे वाक्य पटले. सासूबाईंशी बोलले तेव्हा त्यांनी स्वतःची जांभळी इरकल काढून दिली. ती मला शोभेल असे त्यांना फार दिवसांपासून वाटत होते म्हणे. नेरूळला कसवु नेसायचे ठरले आहे. तिच्यावर पोलके कोणत्या रंगाचे घालावे? माझ्याकडे मोतिया, गडद हिरवे आणि डाळिंबी अशी तीन आहेत.

नेरूळवासी:

मोतिया पोलके घालू नये. त्याने सगळा वेश एकरंगी होऊन जाऊबाईंची शंका पुन्हा जागी होईल. हिरवे आणि डाळिंबी दोन्ही कसवुवर खुलतात आणि मल्याळी बायकाही हे दोन रंग नेहमी वापरतात. वधू त्या संध्याकाळी लाल किंवा डाळिंबी नेसणार असेल तर हिरवे घालावे, एरवी डाळिंबी. केसांत मोगऱ्याचा गजरा माळावा आणि कुंकू जरा ठसठशीत लावावे.