मदत हवी आहे: ५.१ स्पीकरसाठी साउंड कार्ड सुचवा

चिंचपोकळी
डेस्कटॉपला ५.१ सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि बासचा सबवूफर, जोडलाय. पाचही स्पीकरमधून एकच आवाज येतो, मागचा-पुढचा फरकच नाही. फाइल ५.१ चीच आहे, तपासलंय. बजेट पाच हजार. कोणतं कार्ड घेऊ? शनिवारच्या आत लागेल.

कानसेन
कार्ड थांबू द्या. कॉम्प्युटरच्या पाठीमागे ऑडिओचे जॅक किती? सबवूफरच्या मागे इनपुट कोणते? आत्ता कुठली वायर कुठून कुठे गेलीये?

घुबड
क्रिएटिव्हचं ऑडिजी एफएक्स बघा. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉट मोकळा हवा. ५.१ अ‍ॅनालॉग मिळतं.

चिंचपोकळी
तीनच जॅक आहेत, निळा, हिरवा, गुलाबी. मदरबोर्डवरचाच रिअलटेक ऑडिओ. हिरव्यातून सेटच्या ऑक्स इनपुटला लाल-पांढरी वायर. जॅक कमी आहेत म्हणून तर कार्ड विचारतोय!

लालपांढरी
एका जॅकमधून दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. तुमचा सेट तेच दोन पाचही स्पीकरना वाटतोय. ऑक्सला कितीही महाग कार्ड लावलंत तरी हेच होणार. सबवूफरच्या मागे सहा आरसीए भोकं (लाल-पांढरी वायर जाते तसली गोल) आहेत का ते सांगा. नसतील तर तो सेट नावाचाच ५.१ आहे आणि कार्डाचे पैसे वाया जातील.

सह्यकडा
एवढा खटाटोप कशाला? ऑप्टिकल केबल लावा, एका वायरीत सगळं जातं.

कानसेन
@सह्यकडा, अर्धंच बरोबर. ऑप्टिकलमधून कच्चा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, फक्त दोन चॅनेल जातो. सहा चॅनेल जातात ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबलेले. सिनेमाचा ट्रॅक तसाच पुढे पाठवता येतो, पण गेमचा आवाज त्या क्षणी एन्कोड करायला, म्हणजे तसा दाबायला, डॉल्बी डिजिटल लाइव्ह लागतं आणि ते बहुतेक मदरबोर्डांवर नसतं. शिवाय सेटमध्ये ते उलगडणारा डीकोडर हवा. ऑक्सवाल्या सेटला बहुधा ऑप्टिकल इनपुटच नसतो.

सह्यकडा
मग एव्ही रिसीव्हर (डीकोडर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र) घ्या. ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून आठ चॅनेल पीसीएम सरळ जातो, एन्कोडिंगची भानगडच नाही.

घुबड
पाच हजारांत रिसीव्हर? आणि त्याला वेगळे पॅसिव्ह (स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेले) स्पीकर लागतील ते कोण देणार?

मोगरा
रात्री शेजाऱ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा चांगला हेडफोन घ्या, माइकसकट.

चिंचपोकळी
हेडफोन नकोय हो. सहा आरसीए आहेत! एफएल, एफआर, एसएल, एसआर, सेन, एसडब्ल्यू. वर डीव्हीडी लिहिलंय, म्हणून लावलं नव्हतं.

लालपांढरी
मग कार्ड लागणारच नाही. ३.५ मिमी ते दोन आरसीए अशा तीन वायरी आणा. हिरवा जॅक एफएल-एफआरला (पुढचे डावा-उजवा), निळा एसएल-एसआरला (मागचे डावा-उजवा), गुलाबी सेन-एसडब्ल्यूला (सेंटर आणि सबवूफर). वायर खोचल्यावर रिअलटेकची खिडकी 'काय जोडलं' विचारते. तिथे निळ्याला रिअर स्पीकर आणि गुलाबीला सेंटर/सबवूफर निवडा. हे चुकलं तर ते जॅक लाइन-इन आणि माइकच राहतात, आवाज येत नाही.

मग कंट्रोल पॅनल, साउंड, प्लेबॅक, स्पीकर्स, कॉन्फिगर, ५.१ सराउंड, टेस्ट. एकेक स्पीकर वाजला पाहिजे. सेटच्या रिमोटवर इनपुट ऑक्सवरून डीव्हीडीवर न्यायला विसरू नका. माइक पुढच्या पॅनलला लावा. तपासायला ५.१ ची फाइलच घ्या, ब्राउझरमधले बहुतेक व्हिडिओ स्टिरिओच असतात.

घुबड
मान्य, मग कार्ड नको. पण मदरबोर्डवरच्या ऑडिओला घरघर आली तर?

कानसेन
घरघर बहुतेकदा अर्थिंगच्या लूपची (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या करंटची) असते, कार्ड बदलून जात नाही. कॉम्प्युटर आणि सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. टीव्ही केबलची वायर काढून बघा. अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल. हा लूप तोडणारे स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर खालचा बास खातात, सबवूफरच्या वायरीवर तर लावूच नका. माउस हलवताना किरकिर आली तर मात्र ती कॉम्प्युटरच्या आतली, तेव्हा बाहेरून लावायच्या यूएसबी साउंड कार्डाचा विचार करा.

मोगरा
मागचे स्पीकर कुठे ठेवायचे?

कानसेन
आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन मध्यापासून ३०-३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे कानाच्या जरा मागे, थेट पाठीशी नाही.

चिंचपोकळी
वायरी आणल्या. मागचे वेगळे वाजतायत! पण संवाद सबवूफरमधून घोगरे येतायत, आणि मागचा डावीकडचा आवाज उजवीकडून येतोय.

लालपांढरी
सेन आणि एसडब्ल्यूची टोकं अदलाबदल करा, एसएल आणि एसआरचीही. सॉफ्टवेअरला हात लावू नका.