मोठेआबाचा सैनिक बनवून राहिलो, पण चेहराच जमून नाही राहिला

पऱ्हाटीवाला (घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. माह्या आजोबाचे मोठे भाऊ, आम्ही सारे त्यांना मोठेआबा म्हणतो, महार रेजिमेंटमध्ये होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले होते. घरी त्यांचा एकच फोटो, बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला लावलेला, तोही एका पावसाळ्यात पाणी जाऊन डागाळला. मनात आलं का १/३५ चा, म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या भागाएवढा, प्लास्टिकचा शिपाई बनवून त्या फोटोखाली ठेवायचा. ब्रह्मदेशातला आपला शिपाई काही मला मिळाला नाही म्हणून टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा ब्रिटिश आठव्या आर्मीचा सेट मागवला, ते वाळवंटातले हाफ पँटवाले. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला जाऊन घेऊन आलो.

जोडणं कसंबसं झालं. सुपरग्लूनं जोडले तर सांध्याभोवती पांढरं पांढरं आलं, भुरी पडल्यासारखं, ते काऊन होते? पण खरी अडचण चेहऱ्याची. डब्यावर लिहिलंय फ्लॅट फ्लेश, म्हणजे बिनचमकीचा कातडीचा रंग, तो लावला तर साहेबच दिसते. मग त्यात ब्राऊन टाकला तर साहेबाच्या तोंडावर चॉकलेट ओतल्यासारखं झालं. डोळ्यात पांढरा टिपका, त्यात काळा टिपका दिला तर गडी भूत पाहिल्यासारखा पाहून राहिला. तीनदा लावला, तीनदा खरवडला, शेवटी बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर एकाचं नाकच विरघळून गेलं राजेहो! वरून इथं ४५ डिग्री, ब्रश डबीतून चेहऱ्यापर्यंत नेईस्तोवर रंग सुकून जाते. काय करू सांगा.

सेवाग्रामी

भाऊ, नाकाचं ऐकून हसू आलं, माफ करा, माझं एका टँकचं चाक असंच गेलं होतं. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते आणि हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ॲसिटोन लागलं का ते लोण्यासारखं होते. ॲक्रिलिक रंग काढायचा असेल तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासा, रंग निघते आणि प्लास्टिकला काही होत नाही. कोरोनातलं सॅनिटायझर घरात पडलं असेल तर पाठीवर काय लिहिलंय ते वाचून तेही चालेल, फक्त जेलवालं नको.

ती भुरी सुपरग्लूच्या वाफेची आहे, जास्त लावला आणि हवा खेळती नसली का ती आजूबाजूला बसते. प्लास्टिक मॉडेलचं वेगळं सिमेंट येते, ते चिकटवत नाही, दोन्ही बाजूचं प्लास्टिक जरासं विरघळवून एक करते. कडेला ब्रशनं टेकवलं का आपोआप फटीत धावते. आणि साच्याची ती बारीक रेघ चेहऱ्याच्या बाजूनं, कानावरून जाते ना, ती ब्लेड आडवं धरून खरवडली का? नसेल खरवडली तर रंग कितीही चांगला लावा, कानापासून गळ्यापर्यंत टाका घातल्यासारखा दिसते. रंगाच्या आधी सगळे तुकडे भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचा तेलकटपणा राहते त्यावर, मग रंग फाटते.

आता उन्हाचं. जेवणाचा चपटा डबा घ्या, तळाशी ओला टिश्यू किंवा ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या पेपरवर काढा. खालून ओल येत राहते, रंग चांगला टिकते, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालते. ब्रश ००० चा घेऊ नका, सगळे नवे लोक हीच चूक करतात, एवढ्याशा ब्रशमध्ये रंग मावतच नाही म्हणून वाटेतच सुकते. ० किंवा १ नंबर घ्या, पण टोक सुईसारखं पाहिजे. कूलरसमोर बसू नका, हवा लागली का अजून लवकर सुकते, आणि स्प्रे मारत असाल तर त्या दमट हवेत पांढुरका थर येते. मी तर पहाटे पाचला बसतो, नळ यायच्या आधी.

रंग दुधासारखा पातळ पाहिजे. पहिला हात पारदर्शक दिसला तर घाबरू नका, सुकू द्या, मग दुसरा, मग तिसरा. तुम्ही एकाच हातात झाकायला पाहता म्हणून ते सारवल्यासारखं होते.

लाकडी_नंदी (पवनी)

मी प्लास्टिकचं काही केलं नाही कधी, पण तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतो, वडलांपासून चालत आलं आहे, दरवर्षी श्रावणात अंगणात नुसते बैलच बैल. डोळ्याचं मी सांगू शकतो.

बैलाचे डोळे मी सगळ्यात शेवटी काढतो, गणपतीचेही शेवटीच उघडतात. पण तुमच्या शिपायाचं उलटं करा. आमच्या बैलाचा डोळा करंगळीच्या नखाएवढा, तुमच्या ५ सेंटीमीटरच्या माणसाचा डोळा एक मिलिमीटरही नाही. तिथं आधी डोळ्याच्या खोबणीत गडद तपकिरी भरा, सांडला तर सांडू द्या. त्यावर बारीक आडवी रेघ मळक्या पांढऱ्याची, शुद्ध पांढरा नाही, शुद्ध पांढऱ्यानंच तो भूत पाहून राहिला. मधोमध काळा टिपका, वरच्या पापणीला टेकलेला. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं का माणूस घाबरलेला दिसते, हे बैलालाही लागू आहे. मग कातडीचा रंग घेऊन वरून आणि खालून डोळा कापत या. चुकलं ते आपोआप झाकलं जाते.

कातडीला फ्लेशची डबी विसरा. ट्यूबमधला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) समान घ्या, पांढरा सुईच्या टोकावर बसेल एवढाच. सावलीला काळा टाकू नका, काळ्यानं राख फासल्यासारखं होते, बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) निळ्याचा थेंब टाका आणि टोपीच्या खाली, नाकाच्या बाजूनं, हनुवटीखाली लावा. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, बोटांचे सांधे यांना तोच रंग ऑकरनं उजळून. खालच्या ओठाला गुलाबी नको, तपकिरीत लाल. शेतात दिवसभर राबलेल्या माणसाचा चेहरा समोर बसवा आणि पाहून रंगवा, घरात असेलच कोणी.

रिटायर_नायक

रंगाचं मले समजत नाही, पोशाखाचं बोलतो. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावला उभी झाली आणि दुसरी बटालियन ब्रह्मदेशात होती, तुमच्या घरचे बरोबरच सांगतात. पण मग तो वाळवंटातला खाकी रंग काऊन लावता? तिकडं जंगलात खाकी उठून दिसे म्हणून कपडे आधी हिरवे रंगवले, पुढं हिरवेच बनून यायला लागले, जंगल ग्रीन. धुवून धुवून विटलेला हिरवा लावजा, नवाकोरा नाही. हाफ पँटही चालणार नाही, मलेरियाचा मुलूख होता, मच्छरांपायी फुल पँट. हार्डवेअरमधून एमसील आणा, ती गळती बुजवायची लुगदी, मळून टोंगळ्यापासून खाली पातळ थापा, बोट ओलं ठेवा, सुईनं चुण्या पाडा. थोडं थोडंच मळा, आपल्याकडच्या उन्हात लवकर आवळते.

बंदूक .३०३ आहे, इशापूरला बनायची तीच ठेवा. टोपीच्या बिल्ल्यासाठी जीव काढू नका, १/३५ मध्ये तो एक मिलिमीटरभर होते, पितळी रंगाचा टिपका द्या आणि मोकळे व्हा.

पऱ्हाटीवाला

मंडळी, पंधरा दिवसांनी येऊन राहिलो, मधात शेतीची कामं लागली होती. नाक गेलेला बाजूला ठेवला, दुसरा घेतला. पँट एमसीलची केली, डावा पाय जरा हत्तीरोग झाल्यासारखा झालाय पण फोटोखाली ठेवल्यावर तेवढं दिसत नाही. डब्यावाली आयडिया एक नंबर. चेहऱ्यासाठी आमच्या सालदाराला बसवलं समोर, तो म्हणे मालक माही फोटो काढता का मूर्ती बनवता. डोळे चौथ्या खेपेत जमले, नंदीभाऊ, वरून खालून कापायचं तुम्ही सांगितलं ते नसतं तर अजून खरवडतच असतो.

काल आईले दाखवला. हातात घेतला, चष्मा लावून लय वेळ पाहिला आणि म्हणे, सगळं बरोबर हाय बाप्पा, पण मोठेआबाले मिशी होती, मिशी कुठं हाय?

लाकडी_नंदी

रंगानं काढू नका, डाग पडल्यासारखी दिसते. एमसीलची शेवईहून बारीक वात करा, ओठावर टेकवा, सुईनं मधात दाबा. आधी फोटोत पहा, टोकं वर वळलेली का खाली पडलेली.

पऱ्हाटीवाला

पाहिला ना भाऊ. पाण्याचा डाग बरोबर ओठावरच पडला आहे. आईले विचारलं तर ती म्हणे वर, आणि आत्या म्हणे खाली. रविवारी काकाकडे जाऊन येतो.